कोंबडीचा भाव रात्रीत ठरतो

जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला आणि केरळमध्ये कोंबडीवर आकारला जाणारा साडेचौदा टक्के कर एका रात्रीत रद्द झाला. राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री टी. एम. थॉमस आयझॅक हे स्वतः अर्थशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी सरळ हिशेब मांडला: कर गेला, तेव्हा भावही त्या प्रमाणात उतरला पाहिजे, जिवंत कोंबडी किलोला ८७ रुपयांहून अधिक दराने विकली जाऊ नये. व्यापाऱ्यांनी उत्तरादाखल दुकाने बंद केली. वाटाघाटी झाल्या, तडजोड निघाली, दुकाने उघडली आणि भाव काही दिवसांतच पुन्हा आपल्या नेहमीच्या चालीने वरखाली होऊ लागला.

मंत्र्यांचा हिशेब अंकगणित म्हणून चुकीचा नव्हता. अडचण अशी होती, की केरळच्या ताटात येणाऱ्या कोंबडीचा मोठा हिस्सा तमिळनाडूतून येतो आणि तिचा भाव तिरुवनंतपुरमच्या सचिवालयात ठरत नाही. तो ठरतो पालघाटच्या खिंडीपलीकडे, कोइमतूर, तिरुप्पूर, नामक्कल या पट्ट्यात. तिथे कंपन्या, शेतकरी आणि घाऊक व्यापारी यांच्यात रोज नव्याने जी ओढाताण होते, तिच्यात केरळ सरकारला बसायला जागाच नव्हती. गंमत अशी, की ज्या करसुधारणेने मंत्र्यांच्या हाती भाव उतरवण्याचे कारण दिले, तिनेच त्यांच्या हातून माहितीही काढून घेतली. पूर्वी वालयारसारख्या नाक्यांवर कोंबड्यांची गाडी अडवली जाई, कर घेतला जाई, निदान किती पक्षी आत आले याची नोंद राही. कर चुकवण्यासाठी आडवाटांनी तस्करीही होत असे, पण तिच्यावरून तरी काही अंदाज बांधता येई. वस्तू व सेवा करात जिवंत कोंबडी करमुक्त ठरली, नाके गेले, आणि करमुक्त मालाला ई-वे बिलही लागत नाही. म्हणजे देशातील मांसोत्पादनात जवळपास निम्मा वाटा असलेल्या एका जिनसाची राज्याराज्यांतील ये-जा आज बहुतांशी सरकारी कागदावर उमटतच नाही.

कोंबडीच्या घाऊक व्यापाराबद्दल आपले धोरण नेमके इथे आंधळे आहे. शेडपर्यंत पशुसंवर्धन विभाग पोहोचतो, दुकानापर्यंत महापालिका आणि अन्नसुरक्षा अधिकारी पोहोचतात. मधली रात्र मात्र कोणाच्याच अखत्यारीत येत नाही.

कंपनीचे पक्षी, शेतकऱ्याचे शेड

मधल्या रात्रीत काय घडते हे समजण्यासाठी आधीचे बेचाळीस दिवस पाहावे लागतील. आज बाजारात येणारी बहुतेक मांसल कोंबडी, विशेषतः दक्षिणेत आणि महाराष्ट्रात, करारशेतीतून येते. या पद्धतीचा उगमही त्याच तमिळ पट्ट्यातला. उदुमलपेट येथे १९८४ मध्ये दोन भावांनी सुरू केलेल्या सुगुणा या कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, भावाच्या घसरणीने कर्जात बुडालेल्या कुक्कुटपालकांना हाताशी धरून ती रुजवली. कंपनी एकदिवसीय पिल्ले, खाद्य, औषधे आणि देखरेख पुरवते. शेतकऱ्याचे शेड, वीज, पाणी, भाताचे तूस आणि घरच्या माणसांचे श्रम. पक्षी अखेरपर्यंत कंपनीचे राहतात. शेतकऱ्याला तयार पक्ष्यांच्या वजनावर किलोमागे संगोपन शुल्क मिळते. किती खाद्यात किती वजन भरले आणि मरतूक किती झाली, यावर त्या शुल्कात काही पैसे वाढतात किंवा कापले जातात.

करारामुळे भावाची जोखीम शेतकऱ्याच्या डोक्यावरून उतरली, हे खरे आहे आणि ते लहानसहान नाही. पण जोखमीबरोबर भावावरचा हक्कही उतरला. बाजारात किलोचा दर दुप्पट झाला तरी शेतकऱ्याचे शुल्क कराराप्रमाणेच राहते. दर कोसळला, की कंपनी पुढच्या बॅचची पिल्ले टाकायला उशीर करते आणि शेड रिकामे पडते. कर्जाचा हप्ता मात्र रिकाम्या शेडलाही लागतो. तमिळनाडूने २०१९ मध्ये शेतमाल आणि पशुधन करारशेतीचा स्वतंत्र कायदा केला. असा कायदा करणारे ते देशातले पहिले राज्य. केंद्राने २०२० मध्ये आणलेल्या आणि पुढच्या वर्षी मागे घेतलेल्या कृषी कायद्यांपैकी करारविषयक कायद्याच्या व्याख्येतही कुक्कुटपालन होते. दोन्ही ठिकाणी कायद्याची नजर शेतकरी आणि खरेदीदार यांच्यातील करारावर. कंपनीच्या शेडमधून पक्षी उचलणारा व्यापारी त्या चौकटीबाहेर राहिला.

पक्षी उचलणे या क्रियेला या धंद्यात सगळीकडे ‘लिफ्टिंग’ म्हणतात, आणि ती होण्याची घाई सर्वांनाच असते. कारण साधे आहे. कांदा चाळीत थांबतो, धान्य कोठारात थांबते. सहा आठवड्यांची कोंबडी थांबते तेव्हा खात राहते. दिवसाला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम खाद्य. दहा हजार पक्ष्यांचे शेड एक दिवस जास्त भरलेले राहिले, तर दीड टनाहून अधिक खाद्य खर्ची पडते. या धंद्यात एकूण खर्चाच्या ६५ ते ७० टक्के खर्च खाद्याचाच असतो. शिवाय वय वाढते तसे तेवढ्याच खाद्यात भरणारे वजन कमी होत जाते, उन्हाळ्यात मरतूक वाढते, आणि वजनाने फार मोठ्या झालेल्या पक्ष्याला गिऱ्हाईकही नाखूश असते. दिल्लीच्या तंदुरीसाठी तर किलोभराचा पक्षी लागतो आणि त्याला दरही चढा मिळतो. विक्रेत्याला थांबता येत नाही हे व्यापाऱ्याला ठाऊक असते. घाऊक व्यापाऱ्याची सारी ताकद यात आहे.

गाडी, काटा आणि उधारी

व्यापारी सहसा संध्याकाळी सौदा करतो. कंपनीच्या विक्री विभागाशी फोनवर बोलणे होते: कोणत्या गावचे शेड, सरासरी वजन किती, किती पक्षी, काय दर. अनेक कंपन्या पैसे आधी बँकेत भरल्याशिवाय माल सोडत नाहीत. गाडी रात्री शेडवर पोहोचते, कारण अंधारात पक्षी शांत राहतात आणि हवेत गारवा असतो. पक्षी पायांना धरून क्रेटमध्ये भरले जातात, क्रेट काट्यावर चढते, रिकाम्या क्रेटचे वजन वजा होते, कागदावर आकडा पडतो.

या काट्याभोवती बरेच राजकारण चालते. लिफ्टिंगच्या काही तास आधी खाद्य काढून घ्यावे असा व्यापाऱ्याचा आग्रह असतो, कारण पक्ष्याच्या पोटातले खाद्य त्याने कोंबडीच्या दराने का घ्यावे? कंपनीचा पर्यवेक्षक आणि शेतकरी दोघांनाही भरल्या पोटाचे वजन बरे वाटते. गाडी उशिरा आली, की भांडणाचा रोख उलटतो: उपाशी पक्ष्यांचे वजन उतरू लागते आणि शेतकऱ्याचे शुल्क वजनावरच असते.

मग प्रवास. समजा, दोन हजार किलो माल भरला आणि वाटेत तीन टक्के घट झाली, तर साठ किलो हवेत गेले. कोंबडी श्वासोच्छ्वासातून पाणी गमावते, विष्ठा टाकते. एखादी क्रेटमध्ये दबून मरते. एप्रिल-मेमध्ये वाटेत वाहतूक खोळंबली तर हिशेबच उलटा होतो. ही घट आणि मरतूक व्यापाऱ्याची. पहाटेपूर्वी गाडी शहरात शिरते आणि दुकानादुकानांवर माल उतरतो. दुकानदार सहसा आज घेतलेल्या मालाचे पैसे उद्या देतो, तेही पुढचा माल घेताना. कंपनीला आगाऊ रोख आणि दुकानदाराला उधारी, या दोन टोकांमधला पैसा व्यापाऱ्याचा असतो. या साखळीत तो सावकाराचे काम करतो. त्याच्या किलोमागच्या काही रुपयांत वाहतूक, घट आणि बुडीत उधारी यांच्याबरोबर हे व्याजही असते. ‘दलाल मधल्यामध्ये खातात’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते. व्यापाऱ्याला काढून टाकायचे असेल, तर हजारो छोट्या दुकानांना रोजचे भांडवल दुसरे कोण देणार, याचे उत्तर आधी द्यावे लागेल. बँका तरी आजवर त्या दारात उभ्या राहिलेल्या नाहीत.

दुकानातला भाव आणि शेडवरचा भाव यांत दिसणारी तफावत मोजतानाही एक गोष्ट हमखास विसरली जाते. दोन किलोच्या जिवंत पक्ष्यातून साधारण सत्तर टक्के मांस निघते. कातडी काढून विकले तर त्याहूनही कमी. म्हणजे जिवंत पक्षी ८७ रुपये किलोने दुकानात पडला, तर मांसाचा निव्वळ खर्चच किलोला सुमारे १२४ रुपये होतो. भाडे, मजुरी, बर्फ, वीज त्यानंतर. केरळमधील वादात ही दोन परिमाणे वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर इतकी सरमिसळ झाली, की ग्राहक मांसाबद्दल बोलत होते आणि मंत्री पक्ष्याबद्दल.

रोखीचा भाग वेगळा सांगायला हवा. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने व्यवसायात एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजार रुपयांहून अधिक रोखीने दिलेला खर्च अमान्य ठरवला. पण नियमांत शेतमाल आणि कुक्कुटपालनाचे उत्पादन थेट उत्पादकाकडून घेताना दिलेल्या रकमेला सूट ठेवली. हेतू चांगला होता, बँकेपासून दूर असलेल्या उत्पादकाची अडचण होऊ नये हा. परंतु ई-वे बिल नाही, कर नाही आणि रोखीला मुभा, या तिन्ही सवलती एकाच मालावर एकत्र आल्या, की त्याचा माग काढण्याची कोणतीच वाट उरत नाही.

व्यापाऱ्याकडे आणखी एक कागद असतो, तो म्हणजे पंचांग. उत्तरेत महिने पौर्णिमेला संपतात, म्हणून तिथला सावन महाराष्ट्राच्या श्रावणाआधी पंधरा दिवस लागतो. इथे आषाढ अमावास्येला दुकानांपुढे रांगा असतात, तेव्हा दिल्लीत अर्धा सावन उलटलेला असतो. तमिळनाडूत पुरट्टासी महिन्यात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, मागणी आटते. पुढे शबरीमलाच्या व्रताचे दिवस. नवरात्र तर देशभर. पिल्लू अंड्यातून बाहेर यायला तीन आठवडे आणि विक्रीयोग्य व्हायला सहा. पुरट्टासी संपल्यावर माल हवा असेल, तर अंडी श्रावणातच यंत्रात घालावी लागतात. हा अंदाज चुकला की भाव कोसळतो किंवा भडकतो, आणि तो दरवर्षी कुठे ना कुठे चुकतोच.

दराची शिफारस

मग रोजचा भाव सांगतो कोण? अंड्यांच्या बाबतीत उत्तर सर्वज्ञात आहे. व्यापाऱ्यांच्या मनमानीला कंटाळलेल्या उत्पादकांना एकत्र करून डॉ. बी. व्ही. राव यांनी १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली. राव हे वेंकटेश्वरा हॅचरीज या, पुढे पुण्याहून चालवल्या गेलेल्या उद्योगसमूहाचे संस्थापक. ‘संडे हो या मंडे’ ही जाहिरात लोकांच्या लक्षात राहिली. समितीचे खरे काम मात्र केंद्रागणिक रोज दर जाहीर करण्याचे. त्याच धर्तीवर मांसल कोंबडीसाठी पल्लडम येथील ब्रॉयलर समन्वय समिती रोज शेडवरचा दर जाहीर करते आणि दक्षिणेतले सौदे त्या आकड्याभोवती फिरतात. इतर प्रदेशांत मोठ्या कंपन्या आणि व्यापारी यांच्यातील संध्याकाळचे संदेशच दर ठरवतात.

अंडे आणि कोंबडी यांत एक मूलभूत फरक आहे. अंडे काही दिवस थांबू शकते, म्हणून समितीच्या दराला धरून राहण्याची थोडी ताकद उत्पादकात असते. कोंबडीच्या दराला ती नाही. माल जास्त झाला, की जाहीर दरातून अमुक रुपये वजा, असा खरा सौदा खाली होतो. कागदावरचा दर मात्र तसाच दिमाखात उभा असतो. करारशेतकऱ्याला, ग्राहकाला, पत्रकाराला आणि बहुधा अर्थमंत्र्यालाही दिसतो तो कागदावरचा दर. प्रत्यक्ष सौदा कशाला झाला हे त्या सौद्यातल्या दोघांनाच ठाऊक.

स्पर्धा कायदा, २००२ प्रतिस्पर्ध्यांनी संगनमताने दर ठरवण्यास मनाई करतो. समित्या म्हणतात, आम्ही दराची शिफारस करतो, बंधन घालत नाही. हा युक्तिवाद पूर्णपणे पोकळ नाही. विखुरलेल्या उत्पादकाला दराचा काहीतरी आधार हवाच आणि सरकारने तो कधी दिला नाही. पण शिफारस करणाऱ्यांत पिल्ले, खाद्य आणि तयार पक्षी या तिन्ही टप्प्यांवर मालकी असलेल्या कंपन्या असतील, तर ती शिफारस छोट्या उत्पादकाच्या हिताचीच असेल असे गृहीत धरता येत नाही. हा प्रश्न खटल्याने सुटेल असे मला वाटत नाही. प्रत्यक्ष सौद्यांचे आकडे कोणीतरी त्रयस्थाने गोळा करून रोज छापले, तर शिफारशीचे महत्त्व आपोआप उतरेल.

हे त्रयस्थाचे काम करू शकणारी यंत्रणा अस्तित्वात आहे. केंद्राचा ग्राहक व्यवहार विभाग जीवनावश्यक वस्तूंचे घाऊक व किरकोळ भाव देशभरातून रोज गोळा करतो. ऑगस्ट २०२४ मध्ये या यादीतील वस्तूंची संख्या २२ वरून ३८ करण्यात आली. नव्या वस्तूंत बाजरी आली, बेसन आले, वांगे आले, केळे आले, अंडेसुद्धा आले. कोंबडी नाही. याउलट ‘क्रिसिल’ ही खासगी संस्था दर महिन्याला ताटाच्या खर्चाचा जो अंदाज प्रसिद्ध करते, त्यात मांसाहारी ताटाचा सुमारे निम्मा खर्च कोंबडीचा धरलेला असतो. २०१२ पायावर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात मांस-मासळी गटाचा भार ३.६१ टक्के होता. महागाई मोजताना जी वस्तू विचारात घ्यायची, तिच्या रोजच्या भावावर लक्ष ठेवायचे नाही, यामागे कोणते तत्त्व आहे कोण जाणे. मांसाहार हा विषय दिल्लीच्या फायलींत अवघडलेपणाने हाताळला जातो, एवढेच फार तर म्हणता येईल.

गाझीपूर

तो अवघडलेपणा कुठे दिसावा, तर दिल्लीच्या पूर्व सीमेवर. गाझीपूर येथे कचऱ्याचा डोंगर, कत्तलखाना, मासळी बाजार आणि मुर्गा मंडी शेजारी शेजारी आहेत. मंडीला बाजार समिती आहे. तिच्या नावातच मासे, कोंबडी आणि अंडी आहेत. हरियाणा आणि उत्तर प्रदेशातून गाड्या रात्री येतात, पहाटेपर्यंत माल फुटतो आणि दिवसा उरतात ती पिसे.

२०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या मंडीत पक्ष्यांची कत्तल करण्यास मनाई केली. अस्वच्छता, सांडपाणी, पक्ष्यांचे हाल ही कारणे खरी होती. मंडी पाहिलेला कोणीही ती नाकारणार नाही. परंतु शहराची मागणी एका आदेशाने कमी होत नाही. मंडीत न कापलेला पक्षी जिवंतच पुढे गल्लीतल्या दुकानात जातो आणि तिथे कापला जातो, जिथे सांडपाण्याची सोय मंडीहूनही कमी असते. घाण एका जागी होती, तोवर तिच्यावर प्रक्रिया करणे निदान शक्य होते. पर्यायी, यंत्रसज्ज कत्तलगृह आधी आणि मनाई नंतर, असा क्रम असता तर आदेशाचा हेतू साधला असता.

कायद्याच्या पुस्तकांत कोंबडीची जागाही अशीच डळमळीत आहे. प्राणी वाहतूक नियम १९७८ चे. त्यांत कोंबड्यांच्या वाहतुकीचे स्वतंत्र प्रकरण आले २००१ मध्ये. विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात कोंबड्यांचे संगोपन आणि वाहतूक यांवर सविस्तर लिहिले आणि नियमांचे मसुदे जोडले. गुजरात उच्च न्यायालयात २०२३ मध्ये मांसाच्या दुकानांविषयीच्या सुनावणीत कोंबडीला कायद्याने प्राणी म्हणावे की नाही, हाच वादाचा मुद्दा झाला. अन्नसुरक्षा कायद्यापुरती ती प्राणीच, अशी भूमिका राज्य सरकारने घेतली. प्राणी ठरली तर ती कत्तलखान्यातच कापली पाहिजे, आणि आपल्या बहुतेक शहरांत कोंबड्यांसाठी कत्तलखानेच नाहीत. नियम शब्दशः लागू केला तर दुकाने बंद, लागू केला नाही तर नियम कोरडा. प्रत्यक्षात तो कधीमधी, एखाद्या तक्रारीनंतर लागू होतो, आणि अनियमिततेचा खर्च हप्त्याच्या रूपाने मांसाच्या भावात मिसळतो.

रोग आला की

माग नसलेल्या मालाची खरी किंमत साथीच्या काळात कळते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला. नवापूरची शेड्स रिकामी केली गेली, आणि शेकडो मैल दूरच्या, रोगाचा लवलेश नसलेल्या बाजारांतही मागणी संपली. फेब्रुवारी २०२० मध्ये तर कोंबड्यांना रोगही नव्हता. कोंबडीतून करोना होतो ही अफवा पुरेशी ठरली. हैदराबादेत तेलंगणाच्या मंत्र्यांनी व्यासपीठावर उभे राहून तळलेली कोंबडी खाऊन दाखवली. बेळगाव जिल्ह्यात शेतकऱ्याने जिवंत पक्षी खड्ड्यात लोटल्याची चित्रफीत मार्चमध्ये देशभर फिरली. कंपन्यांनी नवी पिल्ले टाकणे थांबवले, आणि म्हणून काही आठवड्यांनी, टाळेबंदीतच, माल अपुरा पडून भाव चढले. ज्यांचे शेड या वेळी भरलेले होते ते वाचले. ते भरलेले असणे ही निव्वळ नशिबाची गोष्ट होती.

जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा बर्ड फ्लू आला, नवापूरलाही आला. दिल्ली सरकारने गाझीपूर मंडी दहा दिवसांसाठी बंद केली. तिथले नमुने निर्दोष आल्यावर ती मुदतीआधीच उघडली. रोगापासून बचावासाठी असे तडकाफडकी निर्णय घ्यावे लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण मंडी बंद करण्यावाचून सरकारकडे दुसरा मार्गच नव्हता, कारण कोणत्या जिल्ह्यातली कोणती गाडी आत आली आणि तिचा माल कोणत्या दुकानांत गेला, हे सांगणारी वही नव्हती. ती असती, तर बाधित भागातला माल तेवढा अडवता आला असता. त्याच वर्षी जुलैमध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयात अकरा वर्षांच्या मुलाचा या विषाणूने मृत्यू झाला. देशातला असा तो पहिला नोंदवलेला मृत्यू.

रोग पसरवणारी सर्वांत साधी वस्तू म्हणजे क्रेट. तीच क्रेट संध्याकाळी शेडमध्ये, पहाटे बाजारात, दुसऱ्या संध्याकाळी दुसऱ्या गावच्या शेडमध्ये. ती धुण्याची, निर्जंतुक करण्याची जबाबदारी कोणाची, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलेच नसते. शेडच्या दाराशी पाय बुडवायला औषधाचे पाणी ठेवलेले असते. त्याच दाराने बाजारातून परतलेली क्रेट आत जाते.

भरपाईची रचनाही पाहण्याजोगी आहे. बर्ड फ्लू नियंत्रणाच्या राष्ट्रीय कृती आराखड्यानुसार मारलेले पक्षी, नष्ट केलेली अंडी आणि खाद्य यांची भरपाई मिळते. केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा भार उचलतात. भरपाई पक्ष्याची, आणि करारात पक्षी कंपनीचा. पुढचे काही महिने रिकाम्या राहणाऱ्या शेडची भरपाई नाही. निर्बंधांच्या पट्ट्याबाहेर, केवळ भीतीने माल न खपलेल्यांना काही नाही. व्यापाऱ्याची दुकानांतली उधारी बुडाली, तर ती कोणत्याच तक्त्यात बसत नाही. अशा वेळी छोटे व्यापारी धंद्याबाहेर फेकले जातात आणि त्यांची गिऱ्हाइके मोठ्यांकडे जातात. साथीगणिक खरेदीदारांची संख्या आकसते, आणि शेडवरच्या सौद्यात ती आकसलेली संख्याच बोलते.

या सगळ्यावर शीतसाखळी हा उपाय म्हणून सांगितला जातो. पक्षी शेडजवळच कापावा, थंड करावा, मांस शहरात पाठवावे. घट नाही, क्रेट नाही, गल्लीत रक्त नाही. तत्त्वतः बिनतोड. २०२० मध्ये केंद्राने पशुसंवर्धन पायाभूत सुविधांसाठी १५ हजार कोटींचा निधी जाहीर केला, त्यात मांसप्रक्रियेला व्याजसवलत आहे. तरीही जाणकारांच्या अंदाजानुसार नव्वद टक्क्यांच्या आसपास कोंबडी आजही जिवंतच विकली जाते. ग्राहकाचा ‘डोळ्यांसमोर कापलेल्या’ मालावर विश्वास आहे आणि तो अडाणीपणा नव्हे: विजेचा भरवसा नसलेल्या गावात गोठवलेल्या पाकिटापेक्षा फडफडणारा पक्षी ताजेपणाचा चांगला पुरावा असतो. त्यात करांची रचनाही उलटी. जिवंत पक्ष्यावर कर नाही, वेष्टनबंद आणि नाममुद्रा लावलेल्या गोठवलेल्या मांसावर पाच टक्के. जे वळण धोरणाला हवे आहे, त्याच वळणावर कर बसवला आहे. अमेरिकेला आपल्याकडे पाठवायच्या कोंबडीच्या तंगड्यांचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. त्यावर शंभर टक्के आयातशुल्क आहे, पण शुल्काहून मोठी तटबंदी आपल्या ग्राहकाच्या जिवंत पक्ष्यावरील विश्वासाची आहे. शीतसाखळी वाढेल तसा आयातीचा दरवाजाही किलकिला होईल, आणि कुक्कुटपालकांच्या संघटनांनी हे आतापासून ध्यानात ठेवलेले बरे.

केरळने २०१७ च्या त्या फजितीनंतर आणखी एक वाट धरली. त्याच वर्षी ‘केरळ चिकन’ ही योजना सुरू झाली आणि कुटुंबश्री या महिला बचतगटांच्या जाळ्याकडे तिचे काम आले. गटातल्या स्त्रियांना पिल्ले आणि खाद्य पुरवायचे, तयार पक्षी परत घ्यायचे आणि योजनेच्याच दुकानांतून विकायचे. म्हणजे खासगी कंपन्यांचीच पद्धत, फक्त घाऊक व्यापाऱ्याची जागा सार्वजनिक यंत्रणेने घेतलेली. राज्याची सारी गरज यातून भागत नाही, तमिळनाडूच्या गाड्या आजही पालघाटच्या खिंडीतून रोज उतरतात. पण कोणत्या शेडमधला पक्षी कोणत्या दुकानात, कोणत्या दराने गेला, हे त्या साखळीपुरते राज्याला आता ठाऊक असते. पल्लडमचा दर पटण्याजोगा आहे की नाही, हे ताडून पाहायला स्वतःच्या हिशेबवहीतला एक आकडा आता हाताशी आहे. २०१७ च्या जुलैमध्ये तो नव्हता.